खुरांच्या ठशावरून चितळ, सांबर, भेकर कसं ओळखायचं

जंगलात गेलं की सगळे वाघाचे पगमार्क शोधत बसतात आणि बाजूलाच चिखलात हरणांचे इतके सुंदर ठसे असतात, ते कोणी बघतच नाही, मला खरंच वाईट वाटतं. ताडोबात सफारीत गाडीतून उतरता येत नाही, त्यामुळे बफरमध्ये, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, जिथे गाईडसोबत पायी फिरू देतात तिथे जा, सकाळी लवकर, कारण ऊन तिरपं असलं की ठशाच्या कडा नीट दिसतात.

आधी ठसे मोजायला एक छोटी मोजपट्टी खिशात ठेवा. (काडेपेटी ठेवून फोटो काढतात काही जण, पण उन्हाळ्यात जंगलात काडेपेटी न्यायचीच नाही.) चितळाचा खूर साधारण 5 सेंमी, अरुंद, पुढे टोकदार, आणि टोक जिकडे तिकडेच जनावर गेलंय. सांबराचा 7 ते 9 सेंमी, रुंद आणि दमदार. भेकराचा एकदम चिमुकला, 3 सेंमीच्या आसपास.

पण नुसत्या मापावर जाऊ नका, इथेच सगळे फसतात. सांबराच्या पिल्लाचा ठसा चितळाएवढाच असतो, म्हणून आजूबाजूला बघा, शेजारी आईचा मोठा ठसा आहे का, की सगळे एकाच मापाचे वीस-पंचवीस ठसे पाणवठ्याकडे गेलेत? तसं असेल तर चितळाचा कळप. भेकर बहुतेक एकटंच फिरतं. शिवाय खोल चिखलात खूर फाकतात, वरची कड ढासळते आणि ठसा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो, म्हणून माप नेहमी ठशाच्या तळाचं घ्यायचं, वरच्या कडेचं नाही.

आता रानडुक्कर. नवीन माणूस दहापैकी निम्म्या वेळा डुकरालाच हरीण म्हणतो, मीपण खूप दिवस म्हणायचो. डुकराचे खूर पुढे गोलसर असतात आणि मागची दोन छोटी नखं खुरांच्या रेषेबाहेर, दोन्ही बाजूंना फाकलेली उमटतात, बऱ्यापैकी घट्ट जमिनीवरसुद्धा. हरणाची ती नखं मऊ चिखलात किंवा जोरात पळालं तरच दिसतात, आणि दिसली तरी खुरांच्या सरळ मागे.

डाऊट राहिलाच तर ठशांच्या रेषेने थोडं पुढे जा, लेंड्या सापडतात, सांबराच्या चितळापेक्षा ठळक मोठ्या असतात. फक्त ठशांवर पाय न देता कडेकडेने चाला, मागून येणाऱ्यालाही बघायचे असतात.