स्क्रिप्टमधले हो-नाहीचे पर्याय: ‘फॉल्स’ लिहूनही ‘ट्रू’ का मिळतं?

पायथॉनच्या आर्गपार्समध्ये (कमांडसोबत लिहिलेले पर्याय वाचणारं मॉड्यूल) संख्या हवी असेल तर टाइप म्हणून इंट (पूर्णांक) देतात. मग हो-नाहीसाठी बूल (ट्रू किंवा फॉल्स) द्यावं, असं नव्या माणसाला वाटणारच. तसं केलं की कमांडमध्ये ‘--बॅकअप फॉल्स’ लिहूनही बॅकअप होतोच. कारण कमांड लाइनवरून येतो तो निव्वळ मजकूर, आणि बूल त्याचा अर्थ लावत बसत नाही. स्ट्रिंग, म्हणजे तो मजकूर, रिकामी आहे का, एवढंच बघतं. ‘फॉल्स’ हा शब्द काही रिकामा नाही, म्हणून उत्तर ट्रू. एररही येत नाही, त्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते.

हो-नाहीच्या पर्यायाला किंमत मागूच नका. तो लिहिला तर हो, नाही लिहिला तर नाही. त्यासाठी अ‍ॅक्शनमध्ये ‘स्टोअर_ट्रू’ द्या. सोबत टाइप देऊ नका, दिलात तर टाइपएरर येईल. डिफॉल्ट आपोआप फॉल्स असतं. ते हौसेने ट्रू केलंत तर पर्याय लिहा किंवा लिहू नका, उत्तर कायम ट्रूच येतं. बंद करायची सोयच उरत नाही.

मुळात चालू असलेली गोष्ट बंद करू द्यायची असेल, तर पायथॉन ३.९ पासून ‘बूलियनऑप्शनलअ‍ॅक्शन’ आहे. एका ओळीत ‘--बॅकअप’ आणि ‘--नो-बॅकअप’ दोन्ही तयार होतात; दोन्ही लिहिले तर शेवटचा चालतो. यात डिफॉल्ट दिलं नाही तर नन (None, म्हणजे ‘किंमतच नाही’) मिळतं, आणि ते फार उपयोगी आहे. ‘वापरणाऱ्याने नाही म्हटलं’ आणि ‘तो काही बोललाच नाही’ हा फरक त्यातून कळतो. कॉन्फिग फाइलमधली किंमत फक्त तो काही बोललाच नसेल तेव्हा घ्यायची. पण तपासताना ‘इज नन’ असंच लिहा. नुसतं ‘नॉट’ लिहिलंत तर दोन्ही एकाच मापाने मोजले जातात.

आणि पर्यायाचं नाव होकारार्थी ठेवा. ‘--नो-स्किप’सारखं नाव वाचताना कोणाचंही डोकं गरगरतं.

बॅशमध्ये (लिनक्सवर कमांड आणि स्क्रिप्ट चालवणारा शेल) खड्डे वेगळे आहेत. चौकटी कंसात नुसतं व्हेरिएबल ठेवलं तर तिथेही रिकामं आहे का एवढंच तपासलं जातं, म्हणजे ‘फॉल्स’ पुन्हा खरं. कंस काढून इफपुढे थेट व्हेरिएबल लिहिलं, तर बॅश त्यातला मजकूर कमांड म्हणून चालवतं. व्हेरिएबल रिकामं असेल तर चालवायला काहीच नसतं, एक्झिट कोड ० (म्हणजे ‘यशस्वी’) येतो आणि अट खरी ठरते! शिवाय सुरुवातीची किंमत दिली नाही तर त्याच नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (स्क्रिप्टला बाहेरून मिळणारी किंमत) गुपचूप आत शिरू शकतं. म्हणून स्क्रिप्टच्या वरच ० लिहा, गेटऑप्ट्सच्या (बॅशमध्ये पर्याय वाचणारी कमांड) केसमध्ये १ करा आणि तपासताना १ शीच तुलना करा. गेटऑप्ट्सच्या यादीत अक्षरापुढे कोलन टाकू नका. टाकलात तर तो पर्याय पुढचा शब्द, म्हणजे बहुधा तुमच्या फाइलचं नाव, स्वतःची किंमत म्हणून गिळतो.

एन्व्हायर्नमेंटमधून मात्र मजकूरच येणार. पायथॉनमध्ये त्यासाठी पूर्वी डिस्टयूटिल्स मॉड्यूलमधलं ‘स्ट्रटूबूल’ वापरत, ३.१२ मध्ये डिस्टयूटिल्सच काढून टाकलं. चार ओळींचं फंक्शन स्वतः लिहा: येस, ट्रू, ऑन, १ म्हणजे हो; नो, फॉल्स, ऑफ, ० म्हणजे नाही; बाकी काहीही आलं तर सरळ एरर.