रविवारची गिलाव्याची शाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत घराचा हप्ता भरून दुरुस्तीला फारसं उरत नाही. म्हणून मी पोरापोरींना गिलावा शिकवतो. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन ही हुन्नर शिकवणारी शाळा काढली. माझं कलाभवन जिन्याखाली.

पहिल्या रविवारी थापी देऊच नका. रेती चाळायला लावा, ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, भिंतीशी धरायला लावा. दोरी आणि भिंत यांतलं अंतर वर-खाली सारखं आलं पाहिजे.

मग माल: एक घमेलं सिमेंट, चार रेती. आधी कोरडं कालवा, नंतर पाणी. अर्ध्या तासात संपेल एवढंच. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी ओतणाऱ्याला माझ्याकडे चहा नाही!

भिंत खरवडून भिजवा. कोरडी वीट मालातलं पाणी पिते. थर साधारण १२ मिलिमीटर.

पुढे निदान सात दिवस पाणी मारायचं. इथेच माणूस आळसावतो. मीही आळसावलो होतो, तेही मे महिन्यात. स्वयंपाकघराच्या भिंतीला नकाशासारखे तडे गेले. तीच भिंत आता फळा म्हणून वापरतो. बायकोला ते अजिबात आवडत नाही.

छत मात्र नवशिक्याला देऊ नका. त्यासाठी अनुभवी कडियाच, म्हणजे गवंडीच, बोलवा.