ॲमस्टरडॅमला उतरलात? आज दुपारी झोपायचं नाही

मुंबईहून रात्री निघणारी थेट विमानं बहुतेक सकाळीच स्खिपोल विमानतळावर टेकतात. नऊ-दहा तास बसून पाय आंबलेले असतात आणि घड्याळ मागे गेलेलं असतं, उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. खोलीवर पोचून गादी दिसली की आडवं व्हावंसं वाटतं, पण तेवढं टाळा. दुपारी झोपलात तर पहाटे दोनला टक्क जागे व्हाल आणि आठवडाभर तेच चालेल. आंघोळ करून बाहेर पडा.

विमानतळाचं रेल्वे स्टेशन टर्मिनलच्या पोटातच आहे, टॅक्सीची चैन कशाला? मुख्य स्टेशन, म्हणजे सेंट्राल, पाव तासावर. बँकेचं कार्ड चढताना टॅप करायचं आणि उतरतानाही, विसरायचं नाही. एका कार्डावर एकच माणूस; नवरा-बायकोला दोन वेगळी कार्डं लागतात. भारतातल्या कार्डावर परदेशातले टॅप व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून ठेवलेले बरे.

सेंट्रालच्या बाहेर आलात की समोर पाणी, ट्राम आणि सायकलींचा लोंढा. मान वर करून फोटो काढायच्या आधी पायाखाली बघा. तांबूस डांबराचा पट्टा असेल तर तो सायकलवाल्यांचा, आणि त्यांच्याकडून दयामायेची अपेक्षा ठेवू नका. घंटी वाजली की मागे न बघता सरळ बाजूला व्हायचं. वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना आपली नजर सवयीने आधी चुकीच्या बाजूला जाते. 'कॉफीशॉप' अशी पाटी दिसली तर तिथे गांजा मिळतो. कॉफी हवी असेल तर कॅफे शोधा.

मग कालव्यांकडे वळा. हेरेनग्राख्त, कैझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन मोठे कालवे; १६१३ पासून या भागाचं खोदकाम सुरू झालं आणि २०१० मध्ये युनेस्कोने हा पट्टा जागतिक वारशात घेतला. काठावरची घरं अरुंद, उंच, काही चक्क पुढे झुकलेली. बऱ्याच घरांच्या माथ्यावर एक तुळई बाहेर आलेली असते आणि तिला आकडा असतो. जिने इतके उभे आणि चिंचोळे की कपाट त्यातून वर जातच नाही. मग दोर टाकून ते खिडकीतून आत घेतात, आजही. तुमची खोली अशा घरात तिसऱ्या मजल्यावर असेल तर तेवीस किलोच्या बॅगा चढवताना हे सगळं आपोआप समजेल. खाली दलदल, म्हणून जुनं शहर लाकडी खुंटांवर उभं आहे. दाम चौकातल्या राजवाड्याखाली असे १३,६५९ खुंट आहेत असं सांगतात. खुंट खचले की घर कलतं. भाड्याच्या खोलीत दार नीट लागत नसेल, तर बहुधा कारण हेच.

खोलीचा विषय निघालाच आहे तर यातलं सगळ्यात महत्त्वाचं ऐका. करारावर सही करण्याआधी घरमालकाला एकच प्रश्न विचारा: या पत्त्यावर नोंदणी करता येईल का? चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यापासून पाच दिवसांत ख्मेंटे, म्हणजे इथल्या नगरपालिकेत नोंद करावी लागते. ती झाली की बीएसएन, म्हणजे इथला नागरिक क्रमांक मिळतो, आणि पगार, विमा, सगळं त्या नऊ आकड्यांना बांधलेलं. 'नोंदणी चालणार नाही, पण भाडं कमी घेतो' म्हणणारे भेटतील. त्यांना नमस्कार करून पुढे चला. जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला इंग्रजीत, अपोस्टिलसह, म्हणजे परदेशात चालणाऱ्या सरकारी शिक्क्यासह हवा. हे काम भारतातून निघण्याआधी उरकलेलं उत्तम. इथून करायचं म्हणजे घरच्यांना हेलपाटे.

आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत सक्तीचा आहे. घराजवळच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, ठणठणीत असतानाच नाव घाला. तापाला पॅरासिटामॉल आणि 'चार दिवस थांबून बघा' एवढंच ऐकायची तयारी ठेवा. अँटिबायोटिक मागून मिळत नाही.

भाजीची काळजी नको. १८७३ मध्ये 'लल्ला रूख' जहाजातून कलकत्त्याहून भारतीय मजूर सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, नेले गेले, आणि सुरिनामच्या १९७५ च्या स्वातंत्र्याच्या आसपास त्यांचे अनेक वंशज इकडे आले. त्यांच्या दुकानांत कारली, भेंडी, चवळीच्या लांब शेंगा मिळतात. गल्ल्यावरच्या आजीबाई भोजपुरी वळणाचं सरनामी बोलतात. मोडक्या हिंदीत गप्पा जमतात. शेजारच्या ॲम्स्टेलव्हेन गावात तर भारतीय किराणाच मिळेल, आपली मंडळीही तिकडे बरीच.

ज्वारीचं पीठ मात्र प्रत्येक दुकानात असेलच असं नाही. मागून कोणी येणार असेल तर तेवढं मागवा. तूप, पेढे, बर्फी मागवू नका: दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून सामानातून आणायला युरोपीय संघात बंदी आहे, आणि कस्टमवाले ते काढून घेतात.