प्रौढशिक्षक घडताना : प्रशिक्षणकाळात स्वतःची वाढ कशी साधावी

प्रौढांना शिकवण्याचे प्रशिक्षण घेणारी व्यक्ती बहुधा स्वतःच एक प्रौढ विद्यार्थी असते. नोकरी आणि घर सांभाळून ती वर्गाला येते, कित्येक वर्षांनी पुन्हा गृहपाठ करते, परीक्षेच्या आदल्या रात्री जागते आणि कधी कधी आपल्यापेक्षा वयाने लहान असलेल्या मार्गदर्शकाकडून चुका ऐकून घेते. ही ओढाताण संपली की खरे काम सुरू होईल, असे मानून अनेक जण प्रशिक्षणाचे महिने कसेबसे पार पाडतात. मला हे मोठे नुकसान वाटते, कारण पुढे आपल्या वर्गात जे लोक बसणार आहेत त्यांच्या मनात काय चालते, हे आतून अनुभवण्याचा काळ नेमका हाच असतो. एकदा आपण फळ्याच्या बाजूला उभे राहू लागलो, की बाकावर बसण्याची जाणीव फार लवकर पुसट होते. म्हणून या काळात स्वतःच्या शिकण्यावर बारीक लक्ष ठेवावे आणि तेथे जे सापडेल ते लगेच आपल्या शिकवण्यात वापरून पाहावे, या एका सूत्राभोवती पुढील सूचना मांडल्या आहेत.

दोन पानांची नोंदवही

सुरुवात एका साध्या वहीपासून करावी. वही उघडल्यावर समोर येणाऱ्या दोन पानांपैकी डाव्या पानावर त्या दिवशी विद्यार्थी म्हणून आपल्या बाबतीत काय घडले ते लिहावे, आणि उजव्या पानावर शिक्षक म्हणून त्याचा आपल्याशी काय संबंध आहे ते लिहावे. रोज दहा-पंधरा मिनिटे पुरतात, परंतु नोंद त्याच दिवशी व्हायला हवी, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत प्रसंगाच्या कडा बोथट होतात आणि आपण नकळत त्याची सोयीची आवृत्ती लिहू लागतो. ‘आजचा वर्ग छान झाला’ या वाक्याचा पुढे काहीही उपयोग होत नाही. ‘मार्गदर्शकांनी अचानक माझे नाव घेतले तेव्हा उत्तर येत असूनही मी माहीत नाही म्हणाले’ हे वाक्य मात्र महिनाभरानंतरही बोलके राहते, आणि त्याच्या समोरच्या पानावर ‘मी कुणाला असे अचानक विचारते का?’ हा प्रश्न आपोआप उमटतो.

माझ्या वहीतील एक नोंद येथे सांगते. मी अडतीस वर्षांची असताना प्रशिक्षणात माझ्या पाठाचे टाचण सर्वांसमोर परत मिळाले आणि त्यावरचा शेरा मार्गदर्शकांनी मोठ्याने वाचून दाखवला. मी ते टाचण पिशवीत टाकले आणि दोन दिवस बाहेर काढलेच नाही. तिसऱ्या दिवशी काढून वाचले तेव्हा लक्षात आले की शेरा अगदी योग्य होता. मी पाठाची उद्दिष्टे स्वतःच्या बाजूने लिहिली होती आणि पाठ संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता यावे हे कोठेच म्हटले नव्हते. डाव्या पानावर मी लिहिले, ‘शेरा बरोबर होता, पण चारचौघांत मिळाल्यामुळे तो माझ्यापर्यंत पोहोचायला दोन दिवस लागले.’ उजव्या पानावर त्या दिवशी जे लिहिले ते मी आजही पाळते : चूक एकट्याने सांगायची, आणि सांगण्याआधी समोरच्याला स्वतःला काय वाटते ते विचारायचे.

डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये व्यावसायिकांच्या विचारपद्धतीविषयी लिहिताना काम चालू असताना केलेले चिंतन आणि काम संपल्यावर केलेले चिंतन असा भेद केला होता. नवख्या शिक्षकाला पहिला प्रकार जमत नाही, कारण त्याचे सारे लक्ष पुढचा मुद्दा आठवण्यात गुंतलेले असते, आणि त्याबद्दल त्याने स्वतःला दोष देऊ नये. वही लिहिणे हा दुसरा प्रकार आहे. तो काही महिने नेमाने केला, की वर्ग चालू असतानाच ‘हे मागे एकदा झाले होते’ अशी जाणीव होऊ लागते आणि पहिला प्रकार हळूहळू अंगवळणी पडतो.

सिद्धान्त स्वतःवर ताडून पाहावा

प्रशिक्षणात अँड्रागॉजी, म्हणजे प्रौढांना शिकवण्याचे शास्त्र, ही संज्ञा लवकरच भेटते. अलेक्झांडर काप या जर्मन शिक्षकाने ती १८३३ मध्ये वापरली होती, पण ती जगभर रूढ झाली ती अमेरिकन अभ्यासक माल्कम नोल्स यांच्या लेखनामुळे. प्रौढ माणूस स्वतःच्या शिक्षणाची दिशा स्वतः ठरवू इच्छितो, त्याच्या गाठीशी अनुभव असतो, जीवनातील भूमिकेची गरज निर्माण झाली की तो शिकायला तयार होतो आणि त्याला विषयापेक्षा समोरचा प्रश्न सोडवण्यात अधिक रस असतो, ही त्यांची गृहीतके परीक्षेसाठी पाठ होतात आणि मग तशीच नियमासारखी वापरली जातात. नोल्स यांनी १९७० मध्ये प्रौढांचे आणि मुलांचे शिक्षण एकमेकांसमोर उभे केले होते. १९८० च्या सुधारित मांडणीत मात्र त्यांनी स्वतःच हा विरोध सौम्य केला आणि प्रसंगानुसार दोन्ही पद्धती दोन्ही वयोगटांना उपयोगी पडतात हे मान्य केले. प्रशिक्षणार्थीने हा बदल जरूर लक्षात ठेवावा.

प्रत्येक गृहीतक आधी स्वतःवर ताडून पाहावे. अगदी अनोळखी विषयाच्या पहिल्या आठवड्यात तुम्हाला स्वतः दिशा ठरवायची होती, की कुणीतरी हात धरून पहिली चार पावले चालवावे असे वाटत होते? बहुतेकांचे प्रामाणिक उत्तर दुसरे असते. आपण प्रौढ आहोत म्हणून पहिल्याच दिवशी ‘तुम्हाला काय शिकायचे आहे ते तुम्हीच सांगा’ असे विचारले गेले, तर पुष्कळांना मोकळे वाटण्याऐवजी ओशाळल्यासारखे होते. तसेच अनुभव नेहमी मदतच करतो असेही नाही. वीस वर्षे एका पद्धतीने काम केलेल्या माणसाला नवी पद्धत शिकताना आधी जुनी सोडावी लागते, आणि ते सोडणे शिकण्यापेक्षा अवघड असते.

या सोडण्याचा अभ्यास जॅक मेझिरो यांनी केला. शिक्षण अर्धवट राहिलेल्या आणि पुन्हा महाविद्यालयात परतलेल्या स्त्रियांकडे पाहताना त्यांना दिसले की आपल्या गृहीतकांना धक्का देणाऱ्या एखाद्या प्रसंगापासून माणसाचा दृष्टिकोन बदलू लागतो, आणि १९७८ मध्ये त्यांनी ही मांडणी प्रसिद्ध केली. तुमच्याही प्रशिक्षणात असा एखादा प्रसंग येईल. तो आला की घाईने स्वतःची समजूत घालू नये. आजवर आपण काय धरून चाललो होतो, हे वहीत एका वाक्यात लिहून ठेवावे.

सराव पाठ आणि थांबण्याची सवय

प्रशिक्षणातील सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट म्हणजे सराव पाठ, आणि सराव पाठातील सर्वांत प्रामाणिक साक्षीदार म्हणजे ध्वनिमुद्रण. वर्गाची परवानगी घेऊन आपला पाठ मोबाइलवर मुद्रित करावा आणि तो दोनदा ऐकावा. पहिल्यांदा ऐकताना आपण किती मिनिटे बोललो आणि विद्यार्थी किती मिनिटे बोलले, एवढेच मोजावे. दुसऱ्यांदा ऐकताना आपण प्रश्न विचारल्यानंतर किती वेळ थांबलो ते घड्याळ लावून लिहावे. मी पहिल्यांदा हे केले तेव्हाची नोंद अशी आहे : ‘या अर्जात काय राहून गेले आहे असे तुम्हाला वाटते?’ मग एक सेकंद शांतता. मग पुन्हा माझाच आवाज : ‘तारीख बघा, तारीख राहिली आहे ना?’ त्या पाठात मी अकरा प्रश्न विचारले होते आणि त्यांपैकी आठांची उत्तरे मीच दिली होती. पाठ घेताना मात्र वर्गात छान चर्चा झाली असेच मला वाटले होते.

मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या शालेय वर्गांचा अभ्यास करून दाखवले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून थोडा अधिक वाढवला, तर उत्तरे लांब होतात, अधिक विद्यार्थी बोलतात आणि गप्प राहण्याचे प्रमाण कमी होते. हा अभ्यास मुलांच्या वर्गातील असला तरी प्रौढांच्या वर्गात थांबण्याची गरज माझ्या अनुभवाने अधिकच असते, कारण प्रौढ माणूस उत्तर शोधतो, मग ते चारचौघांत बोलण्याजोगे आहे का हेही तपासतो, आणि या दुसऱ्या तपासणीलाच जास्त वेळ लागतो. थांबणे नुसते ठरवून जमत नाही. त्यासाठी हाताला काम द्यावे लागते. प्रश्न विचारून झाला की खडू खाली ठेवावा, दोन सावकाश श्वास सोडावेत आणि तोपर्यंत कुणा एकाच्याच चेहऱ्याकडे रोखून पाहू नये.

सराव पाठात शब्दांइतकेच हातांकडे लक्ष द्यायला शिकावे. प्रौढ साक्षरतेच्या एका वर्गात मी निरीक्षक म्हणून मागे बसले होते. पन्नाशीच्या एका बाईंना प्रशिक्षणार्थी शिक्षकाने उतारा वाचायला सांगितला, तेव्हा त्यांनी पिशवी चाचपली आणि म्हणाल्या, ‘चष्मा घरी राहिला, सर, तुम्हीच वाचा.’ सरांनी आदराने वाचून दाखवले आणि पाठ पुढे गेला. पण त्याआधीचा सगळा वेळ त्या बाईंचा अंगठा पानाच्या एकाच ओळीवर होता आणि शेजारणीने पान उलटले की मगच त्या आपले पान उलटत होत्या. पुढच्या आठवड्यातही चष्मा घरीच राहिला होता. अशा वेळी खरे-खोटे करायला जाऊ नये. पुढच्या पाठापासून त्या शिक्षकाने कुणालाही नाव घेऊन मोठ्याने वाचायला सांगणे बंद केले, उतारा आधी स्वतः वाचला, मग जोड्यांमध्ये वाचायला दिला आणि ज्याला वाटेल त्यानेच वर्गासमोर वाचावे असे ठेवले. चौथ्या आठवड्यात त्या बाईंनी शेजारणीबरोबर दोन ओळी वाचल्या. स्वतः कधी चारचौघांत अडखळल्याची नोंद ज्याच्या वहीत आहे, त्याला हा बदल कुणी शिकवावा लागत नाही.

इतरांच्या नजरेतून

केवळ स्वतःकडे पाहून वाढ होत नाही, कारण आपल्या काही सवयी आपल्याला दिसतच नाहीत. स्टीफन ब्रुकफील्ड यांनी १९९५ मध्ये शिक्षकाने आपल्या कामाकडे चार भिंगांतून पाहावे असे सुचवले : स्वतःचा पूर्वानुभव, विद्यार्थ्यांचे डोळे, सहकाऱ्यांचे निरीक्षण आणि सिद्धान्त. विद्यार्थ्यांच्या बाजूसाठी त्यांची पाच प्रश्नांची चिठ्ठी मला फार उपयोगी पडली आहे. या आठवड्यात वर्गात तुम्ही सर्वाधिक रमलात तो क्षण कोणता, सर्वाधिक दुरावलात तो कोणता, कुणाची कोणती कृती सर्वांत उपयोगी वाटली, कोणती सर्वांत गोंधळात टाकणारी वाटली आणि सर्वांत आश्चर्य कशाचे वाटले, असे ते प्रश्न आहेत. चिठ्ठीवर नाव लिहायचे नसते. पुढच्या वर्गाची पहिली पाच मिनिटे या उत्तरांतून काय समजले आणि त्यामुळे काय बदलणार आहे हे सांगण्यासाठी राखून ठेवावीत. एवढे केले नाही, तर तिसऱ्या आठवड्यापासून चिठ्ठ्या कोऱ्या येऊ लागतात, आणि ते योग्यच आहे. लिहिण्याचा सराव नसलेल्या गटात हेच प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने सर्वांना तोंडी विचारून एकत्र सांगावेत आणि त्या वेळी शिक्षकाने खोलीबाहेर थांबावे.

सहप्रशिक्षणार्थीला आपल्या पाठाला बसवताना त्याच्या हाती एकच प्रश्न द्यावा, उदाहरणार्थ, ‘मागच्या रांगेतील लोक कधी बोलले आणि त्याआधी मी काय केले होते?’ सगळेच पाहायला सांगितले की ‘पाठ चांगला झाला’ एवढेच परत मिळते. पाठानंतरच्या चर्चेत आधी पाठ घेणाऱ्याने बोलावे आणि निरीक्षकाने आपल्या मतापूर्वी फक्त पाहिलेले सांगावे.

वेळ, मर्यादा आणि नवखेपण

प्रौढ विद्यार्थी आपली दुःखे शिक्षकाला सांगतात. त्यांचे ऐकून घ्यावे, पण आपण समुपदेशक नाही हे लक्षात ठेवून वैद्यकीय, कायदेशीर आणि मानसिक मदतीसाठी कुणाकडे पाठवता येईल याची यादी पहिल्याच महिन्यात तयार करावी. घरच्यांशीही आठवड्यातील अभ्यासाचे ठरावीक तास आधीच बोलून घ्यावेत. दर वेळी नव्याने वेळ मागणे दोन्ही बाजूंना थकवते.

एक गोष्ट मी प्रत्येक गटाला आग्रहाने सांगते : प्रशिक्षण चालू असतानाच तुम्हाला अजिबात येत नाही असे काहीतरी शिकायला घ्या. पोहणे, एखादे वाद्य, नवी लिपी, काहीही चालेल. अट एवढीच की तेथे तुम्ही सर्वांत मागे असले पाहिजे. आठवड्यातून एक तास पुरेसा आहे. शिक्षक ‘सोपे आहे’ म्हणाला की पोटात काय होते, आपल्या चुकीवर कुणी हसले की दुसऱ्या दिवशी जायला पाय किती जड होतात आणि एखादी छोटी गोष्ट जमली की ती कुणाला तरी सांगावीशी कशी वाटते, हे सगळे डाव्या पानावर लिहा. ‘सोपे आहे’ हा शब्द मी स्वतः वर्गात वापरणे अशाच एका नोंदीनंतर सोडले.

प्रशिक्षण संपताना सादर करायच्या कामाच्या संचिकेत प्रमाणपत्रांच्या प्रतींपेक्षा एकाच पाठाची तीन टाचणे ठेवावीत : पहिल्यांदा घेतलेल्या पाठाचे, दुरुस्त केलेले आणि वेगळ्या गटासाठी बदललेले. प्रत्येक बदलाशेजारी तो कशामुळे केला ते दोन ओळींत लिहावे आणि जेथे कारण वहीत सापडते तेथे त्या नोंदीची तारीख घालावी. स्वतंत्रपणे वर्ग घ्यायला लागल्यावर पहिल्या तीन महिन्यांच्या अखेरीस एक निवांत दुपार काढून त्या वहीची फक्त डावी पाने सलग वाचावीत आणि विद्यार्थी असताना आपल्याला खुपलेली, पण आता आपणच करू लागलो आहोत अशी एक सवय शोधून पुढच्या वर्गापासून ती बदलायला घ्यावी.