बाटलीतील पाणबुडी: टोपणाचा तोल कसा साधावा

पाण्याने भरलेल्या बाटलीत पेनाचे टोपण तरंगते, बाटली दाबली की बुडते आणि सोडली की वर येते, हा प्रयोग मी सहा-सात वर्षांच्या मुलांसोबत अनेकदा केला आहे. ‘टोपणाला थोडी क्ले लावून बाटलीत टाका’ हा नेहमीचा सल्ला मात्र निरुपयोगी आहे, कारण सगळा प्रयोग त्या ‘थोडी’पाशीच अडतो.

एक लिटरची मऊ प्लॅस्टिकची बाटली, बॉलपेनाचे पारदर्शक टोपण, क्ले आणि काचेचा उंच पेला घ्यावा. टोपणाच्या बंद टोकाला छिद्र असल्यास ते क्लेने पक्के बुजवावे, नाहीतर आतली हवा निसटते. टोपण चुकून घशात अडकल्यास श्वास चालू राहावा म्हणून ते छिद्र ठेवलेले असते. तेव्हा धाकट्या भावंडांच्या हाती ते लागू देऊ नये.

आता तोल. उघड्या तोंडाच्या काठाभोवती क्लेचे कडे बसवावे, पण तोंड बुजू देऊ नये. मग तोंड खाली ठेवून टोपण पेल्यातल्या पाण्यात सरळ सोडावे. बोटभर वर राहिले, तर मुलाने दोन्ही हातांनी जोर लावला तरी ते बुडणार नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी क्ले एका वेळी वाढवत जावी आणि टोपणाचे टोक पाण्याबाहेर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उरले की थांबावे. सुरुवातीला मी हा तोल बाटलीतच साधू पाहत असे. बुडालेले टोपण काढण्यासाठी दर वेळी बाटली रिकामी करावी लागे आणि तोवर मुले उठून गेलेली असत. म्हणून पेल्यात तोल साधल्याशिवाय बाटलीला हात लावू नये, हे मी आग्रहाने सांगते.

बाटली काठोकाठ भरावी, टोपण तसेच उभे आत सोडावे आणि झाकण घट्ट लावावे. वर हवा राहिली, तर दाब देताना तीही आकसते आणि लहान हातांचा जोर वाया जातो.

बाटली दाबताना मुलांना टोपणाच्या आतील पाण्याची रेषा पाहायला लावावी. पाणी जवळजवळ आकसत नाही, हवा आकसते. त्यामुळे पाणी टोपणात वर चढते, आतल्या हवेने व्यापलेली जागा घटते आणि टोपणाला वर ढकलणारे बल कमी पडते. याला जादू म्हणून दाखवू नये; ती चढणारी रेषा मुलाने स्वतः शोधली पाहिजे.

बुडालेले टोपण हात सोडल्यावरही वर येत नसेल, तर तळाशी पाण्याचा दाब अधिक असल्याने काठावरचा तोल तिथे पुरत नाही, असे समजावे आणि चिमूटभर क्ले काढून पुन्हा पेल्यापासून सुरुवात करावी.