दिवाळीनंतर गळ टाकायला पहाटे जाऊ नका

दसऱ्यापर्यंत मी कुणाला काही शिकवायला जात नाही. तेव्हा मलप्रभा नदीचं पाणी तांबडं असतं, ओढ असते, आणि शेंगपेंडीचा गोळा कसाही फेकला तरी काहीतरी लागतंच. खरी पंचाईत दिवाळीच्या पुढं. पाणी निवळतं, काठचे दगड दिसायला लागतात, सकाळी डोहावर वाफ उठलेली असते, आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शॉपमध्ये चहाला हमखास ऐकू येतं, ‘मासं गेलं बघ. आता होळीला बघूया.’

जाणार कुठं? खाली नविलुतीर्थाचं धरण, वर कणकुंबीचा डोंगर. मासा तिथंच असतो, आपलं घड्याळ चुकलेलं असतं.

माझं पाच वर्षं चुकलं. सेकंड शिफ्ट सुटली की तीन तास झोप, साडेचारला उठून मोटारसायकलवर खानापूर. कानटोपी, मफलर, आणि बोटं अशी आखडलेली की गळात गांडूळ ओवता येईना. नऊपर्यंत पाण्यावर तरंगणारं बूच जागचं हलायचं नाही. मी गुंडाळायला लागलो की एक अज्जा, म्हणजे कानडी आजोबा, यायचे. घरून भाकरी खाऊन, सायकलला काठी बांधून, सावकाश. मला बघून एकदा म्हणाले, ‘तम्मा, मीन इन्ना एद्दिल्ला.’ म्हणजे मासा अजून उठलेला नाही. मी हसलो. अकरा ते दोन त्यांनी माझ्यासमोर तीन मृगळ काढले, आणि मी पोटात कावळे ओरडत असताना बघत बसलो.

कारण साधं आहे. माशाच्या अंगात आपल्यासारखी शेगडी नसते. पाणी जेवढं, तेवढंच त्याचं अंग. रोहू, कटला, मृगळ ही गरम पाण्याची जात, २५ ते ३० अंशात खूश. पाणी विसाच्या आसपास उतरलं की पचन मंदावतं, भूक कमी होते. चिलापी (तिलापिया) तर मूळची आफ्रिकेची, थंडीला सगळ्यात आधी गारठणारी. म्हणजे नोव्हेंबरात मासा खायचा थांबत नाही, थोडं खातो, आणि पाणी जरा कोमट असेल त्याच वेळी खातो. ऑक्टोबरच्या उन्हाच्या तडाख्यात पहाट आणि संध्याकाळ चांगली हे खरंच आहे. कोजागिरीनंतर दर आठवड्याला थोडं उशिरा निघायचं. तुळशीच्या लग्नापर्यंत दहाला काठावर पोचलात तरी चालतं.

जागा निवडताना दक्षिणायन ध्यानात ठेवा. सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, त्यामुळं नदीच्या उत्तर काठाला दिवसभर ऊन आणि दक्षिण काठावर झाडांची सावली. उत्तर काठालगत काळा कातळ किंवा उथळ वाळू असेल आणि दोन हातांवर खोल डोह, तर तीच जागा धरा. रात्री मासा डोहात असतो, ऊन चढलं की कडेला सरकतो. अज्जा नेमके तिथंच बसायचे. मी मात्र समोरच्या जांभळीखाली, सावलीत, कारण तिथं मोटारसायकल लावायला बरं पडायचं.

आता गळाचं. अज्जा एकदा म्हणाले, ‘गाळ सण्णद इरली.’ मी आपला पायाखालचा चिखल बघतोय. कन्नडात गळाला गाळ म्हणतात हे मला बेळगावात जन्मून चाळिशीत कळलं. त्यांचं म्हणणं, गळ बारीक असू दे. गळाचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तेवढा गळ लहान. पावसाळ्यात ६ नंबर लावत असाल तर आता १० किंवा १२. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, तोही बारीक, कारण निवळ पाण्यात जाड तंगूस दिसतो. बूच मी ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचं करतो, बोटभर लांब, पेन्सिलीएवढं. दुकानातलं प्लॅस्टिकचं लट्ठ बूच ओढायला माशाला जोर लागतो, आणि थंडीत तो जोर लावतच नाही.

हे इथं नीट वाचा. गार पाण्यात बूच ‘बुडत’ नाही. बुडायची वाट बघत मी कितीतरी मासे घालवले. संथ डोहात खोली मोजा, दोऱ्याला लावलेलं वजनाचं शिसं तळाला टेकलेलं ठेवा, गळ त्याच्यापुढं चार बोटं. तंगूस हलका ताणून धरला की भेंड उभं राहतं, टोक पाण्याबाहेर. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला असतं. तो डोकं खाली करून तळ चाटतो, आमिष तोंडात घेतो आणि सरळ होतो. त्याच्याबरोबर शिसं उचललं जातं, ताण सुटतो आणि उभं भेंड सावकाश वर येऊन आडवं पडतं. जणू दमून झोपलं. तेव्हाच काठी उचलायची, झटका नाही, मनगटानं वीतभर. कटला वरच्या थरातला, रोहू मधल्या. त्यांच्यासाठी शिसं तळापासून उचलून ठेवावं लागतं. पण थंडीत माझा सगळा भरवसा मृगळावर.

आमिषात कंजुषी करा. शेंगपेंड भाजून कुटलेली, गव्हाची कणीक, चिमूटभर गूळ. गोळी हरभऱ्याएवढी, बोटाला मऊ लागेल अशी. माशांना बोलवायला म्हणून पेंड टाकायची तर एक मूठ, बास. चार मुठी टाकल्या तर ते तेवढ्यावरच पोट भरून बसतात. एका दुकानात मला ‘थंडीचं स्पेशल’ म्हणून वेलदोड्याच्या वासाची पुडी मिळाली होती. वास एवढा छान की घरी विचारलं, बेळगावचा कुंदा (खव्याची मिठाई) आणलासा काय? चिलाप्यांनी मात्र ढुंकून बघितलं नाही. गांडुळं आता वरच्या मातीत सापडत नाहीत, जमीन सुकेल तशी खाली जातात. मोरीचं पाणी जिथं मुरतं तिथं किंवा केळीच्या बुडाशी खणा. अख्खं लावू नका, अर्धं पुरतं.

तळ्यावर जाणाऱ्यांसाठी एक इशारा. परतीचा पाऊस संपून आभाळ मोकळं झालं की पहिल्या दोन-तीन कडक रात्री येतात. वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, आणि तळाचं कुजकं, प्राणवायू नसलेलं पाणी वर येतं. काठावर जरा घाण वास येतो, पाणी काळपट दिसतं. त्या दोन-तीन दिवसांत तळ्यावर पेट्रोल जाळू नका, वाहत्या नदीवर जा, तिथं पाणी असं थराथरानं साचत नाही. एकदा तळं ढवळून निवळलं की मात्र बरंच. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, ३० अंशाला लिटरमागं साधारण ७.५ मिलिग्रॅम, २० अंशाला ९. मग मासा सगळीकडं फिरतो.

मरळ या माशाचं थोडक्यात. ती वरची हवा पिऊन जगते, म्हणून वर येते तिथं बुडबुडा दिसतो. गारठ्यात तिला कमी हवा पुरते, त्यामुळं दोन बुडबुड्यांमधला वेळ वाढतो. जागा सोडायची घाई करू नका. दुपारी पाणवनस्पतीच्या कडेला रबरी बेडूक अगदी हळू ओढा. लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर त्याखाली राखण करणारी मरळ सोडून द्या.

तळ्यांना ठेका असतो, विचारल्याशिवाय गळ टाकू नका, भांडणं होतात. हिडकल धरणाच्या खालच्या अंगाला पाणी सोडलं की घटप्रभा बघता बघता चढते. कृष्णाकाठी मगरी आहेत, तिकडं पाण्यात पाय सोडून बसू नका.

दुपारी तीनला काठावरून उठायचं. उत्तर काठावरचं ऊन कलायला लागतं आणि भेंड पुन्हा खांबासारखं उभं राहतं. लहान मासा सोडायचा असेल तर हात आधी नदीत बुडवा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरची बुळबुळ निघते आणि तिथं बुरशी धरते. आमच्यात कार्तिकात घरात मासा शिजत नाही, त्यामुळं माझे सगळेच परत जातात. अज्जांचे मात्र पिशवीत.