तैलरंगात जंगल रंगवताना या चुका टाळा

तैलरंगातले जंगल बहुतेक वेळा फसते ते पानांपायी. बारीक ब्रश घेऊन पहिल्या बैठकीपासूनच एकेक पान टिपत गेले, की झाडीऐवजी नुसते हिरवे ठिपके उमटतात. डोळे किलकिले करून पाहिल्यास दाट झाडीसुद्धा तीन-चार गडद-फिकट पुंजक्यांत दिसते; ते पुंजके रुंद, चपट्या ब्रशने आधी मांडावेत आणि सुटी पाने उजेडाच्या कडेला, शेवटी आणि मोजकीच ठेवावीत.

ट्यूबमधला सॅप ग्रीन किंवा व्हिरिडियन हा तयार हिरवा जसाच्या तसा लावल्यास जंगल प्लॅस्टिकचे वाटते. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) यांतून मवाळ हिरवा मिळतो, कॅडमियम यलोत किंचित काळा मिसळल्यास शेवाळी छटा येते, आणि भडकपणा उतरवायला बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरीचा, एक ठिपका पुरतो. (श्रावणातले सह्याद्रीचे रान खरोखरच भडक हिरवे असते, हे मान्य, तरी तो हिरवा चित्रात पचवायचा तर शेजारी करडा लागतोच.) लांबच्या झाडांनाही जवळच्याइतकाच गडद रंग दिला, तर खोली नाहीशी होते. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयातील रशियन निसर्गचित्रकार इव्हान शिश्किन यांचे १८९१ मधील ‘ओकवनातला पाऊस’ हे चित्र या दृष्टीने पाहावे: पुढचे बुंधे ठसठशीत आहेत, तर मागची झाडे धुक्यात विरत जवळजवळ करडी झाली आहेत.

फांद्यांमधून दिसणाऱ्या आकाशाच्या फटींनी मला सर्वांत जास्त छळले आहे. मोकळ्या आकाशाचाच रंग तिथे भरल्यामुळे माझ्या एका चित्रात झाडावर कागदाचे कपटे चिकटवल्यासारखे दिसत होते. फट जितकी लहान, तितका तिचा रंग आकाशापेक्षा थोडा गडद ठेवावा आणि तिच्या कडा भोवतीच्या ओल्या हिरव्यात हलकेच मिसळाव्यात.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तर त्यातले तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. वरचा थर खालच्याच्या आधी घट्ट होऊ नये, म्हणून खालचे थर टर्पेंटाइनने पातळ केलेले, कमी तेलाचे, आणि वरचे अधिक तेलाचे असावेत, नाहीतर पुढे भेगा पडतात. ओल्या थरावर पुन्हा पुन्हा ब्रश फिरवून रंगाचा चिखल झाला असेल, तर तेवढा भाग पॅलेट नाइफने खरवडून काढणेच बरे. अंबर या मातकट तपकिरी रंगाने रंगवलेल्या सावल्या वाळल्यावर निस्तेज, भुरकट दिसू लागल्या, तर घाईने आणखी काळा चढवू नये. रंग पुरता वाळल्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून ते मऊ कापडाने टिपून घ्यावे, म्हणजे मूळचा गडदपणा परत दिसतो आणि पुढची छटा नेमकी जुळवता येते.